आमच्या घरातला मंगळवार

१९९८ साली माझं लग्न ठरलं. बैठकीत देण्याघेण्याची बोलणी दहा मिनिटांत उरकली आणि पुढचा पाऊण तास फुटबॉलवर गेला. आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीच्या आतल्या बोळात. सासर शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकाच्या अलीकडं. चहाची कपबशी खाली ठेवत अण्णा म्हणाले, "एक आधीच सांगतो, पोरगी पाटाकडीलची हाय." पाटाकडील म्हणजे आमच्या पेठेचा संघ, शिवाजी सासरच्या पेठेचा. मुलीला लहानपणी फिट यायच्या, असं काहीतरी सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. सासरे हसले. "असू दे की. शिवाजीत आली की सुधारंल."

सुधारले नाही.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना आमच्या संघांची नावं ऐकून हसू येतं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. पुण्यातल्या एका मैत्रिणीनं विचारलं होतं, "अगं, कुस्तीच्या तालमीत फुटबॉल कसा?" तर तसाच. पेठेची पोरं तालमीत जमायची. आत लाल माती, बाहेर कट्टा. गणपती त्याच मंडळाचा, मोहरमचे पंजे तिथंच बसणार, भांडण मिटवायलाही तिथंच बसायचं. मग चेंडू आला तो तिथं नाहीतर कुठं जाणार? शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी तालीम नसलेली नावंही आहेत, पण मागं माणसं तशीच, पेठेची. म्हणून आमच्यात 'तू कुणाचा फॅन' असं कुणी विचारत नाही, 'कुठला हाईस' एवढंच विचारतात. त्यात सगळं आलं.

आणि अंतर किती म्हणाल, तर मिरजकर तिकटीवरून निघायचं, खरी कॉर्नरवरून गांधी मैदानाच्या अंगानं गेलं की निवृत्ती चौक. भाजीची पिशवी हातात धरून पंधरा मिनिटं. माझं माहेर इतकं जवळ की डब्यातून पाठवलेलं आईच्या हातचं वांगं इथं पोचेपर्यंत गरम राहायचं. अंबाबाई एकच, कांदा-लसणाची चटणी तीच, बोलणंही तेच. आम्ही बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जातो' म्हणतो ते दोन्ही पेठांत सारखंच. भांडायला काही म्हणजे काही कारण नाही. तरी हंगाम सुरू झाला की खरी कॉर्नरपाशी जणू शीव लागते.

माझा नवरा क्रिकेटवाला. त्यामुळं त्याला दोन्हीकडचे माणसात धरत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात पाटाकडील-शिवाजी मॅच लागली आणि मी स्वयंपाकघरात घुटमळायला लागले. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ओळखलं. शर्ट घालत म्हणाले, "ए मंगळवार, येतीस काय?" तेव्हापासून माझं घरातलं नाव तेच पडलं. पुढं मुलगा लहान असताना 'आज काय वार?' म्हटलं की माझ्याकडं बोट करायचा, आठवड्यातून एकदा बरोबर यायचं.

मामांच्या एम-एटीवर मागं बसून मी शाहू स्टेडियमला गेले. गेटपाशी गाडी लावली. मामा म्हणाले, "सुटल्यावर हितंच ये. कोण बी जिंकू दे." आणि ते एका बाजूला गेले, मी दुसऱ्या. दादानं पायरीवर टॉवेल टाकून जागा धरली होती. पुढं वीसेक वर्षं मामा आणि मी असेच गेलो, एका गाडीवर जायचं आणि वेगवेगळ्या गॅलरीत बसायचं. आत्ती, म्हणजे सासूबाई, दर वेळी म्हणायच्या, "लोक काय म्हंतील?" लोक काही म्हणाले नाहीत. उलट आमच्या बाजूची पोरं जागा करून द्यायची, "वैनी आल्या, सरका रं."

चारची मॅच असली तरी दोनपासून पायऱ्या भरायला लागतात. उन्हानं तापलेल्या पायरीवर बसायला खाली पुठ्ठा लागतो, नाहीतर घरी जाऊन उताणं झोपायची सोय राहत नाही. हलगी-घुमकं सुरू असतं. फुटाण्याच्या पुड्या एका हातातून दुसऱ्या हातात वरच्या पायरीपर्यंत जातात आणि पैसे त्याच वाटेनं खाली येतात. पैसे मधे कुणी खाल्लेले मी बघितलेले नाहीत, पुडीतले फुटाणे मात्र वर पोचेपर्यंत कमी होतात. मैदानात कुणाच्या पायाला चेंडू लागला की बापाच्या नावानं हाक येते, कारण पोरापेक्षा बाप जास्त ओळखीचा असतो. गेल्या काही वर्षांत आफ्रिकेतले खेळाडू यायला लागले. त्यांच्या बापाचं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून पेठेनंच त्यांना नावं ठेवली. आमच्याकडं उतरलेल्या एकाला आईनं तांबडा रस्सा वाढला होता. डोळ्यांतनं पाणी काढत त्यानं तो संपवला. आईच्या लेखी तो त्याच दिवशी पास झाला, मैदानात तो काय करायचा याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

गंमत म्हणजे खेळाडू काही जन्माचे बांधलेले नसतात. हंगामाआधी नोंदणी होते तेव्हा या पेठेचा त्या पेठेत जातो, गल्लीत 'फुटला' म्हणून बोंब होते, आणि वर्षानं परत आला की पुन्हा खांद्यावर. खेळाडूला मुभा आहे. पायरीवर बसणाऱ्याला नाही. अण्णा म्हणायचे, खेळणाऱ्यानं कुठनंबी खेळावं, बघणाऱ्यानं मात्र बसली जागा सोडू नये.

परतीच्या वाटेवर निकाल तोंडानं सांगायची गरज नसायची. शिवाजी जिंकला असला की मामा वाटेत थांबून भडंग घ्यायचे, मुद्दाम माझ्या हातात पुडा द्यायचे. पाटाकडील जिंकली असली की गाडी कुठंच थांबायची नाही. घरी आल्यावर मामा हातपाय धुऊन पाटावर बसायचे आणि म्हणायचे, "दूधभाकरी आण." रविवार असू दे, चुलीवर मटण शिजत असू दे, त्या रात्री मामांच्या ताटात रस्सा जायचा नाही. भाकरी कुस्करायची, वर दूध, गुळाचा खडा. सुतक असल्यासारखं तोंड करून खायचे. मी हसू दाबत वाढायची. बरोबरी झाली तर? तर मामा रस्सा घ्यायचे, पण एकच वाटी.

सगळंच असं गोड नव्हतं, तेही लिहायला पाहिजे. एका वर्षी मॅच संपता संपता दगड आले. संघ कुठले, स्पर्धा कुठली ते लिहीत नाही, कारण दगड कुठल्या बाजूनं आधी आला यावर आजही आमच्या घरात दोन मतं आहेत. पळापळ झाली. माझी एक चप्पल पायरीवरच राहिली. गेटकडं जाणाऱ्या लोंढ्यातून एकच माणूस उलटा आत येत होता, ते मामा. आमच्या बाजूच्या गॅलरीत. खांद्यावरचा टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि दंडाला धरून बाहेर काढलं. "दुसऱ्याच्या सुनेला दगड लागला असता तर चाललं असतं व्हय?" असं त्या रात्री त्यांनी घरी आलेल्या पोरांना विचारलं. पोरं मान खाली घालून बसली होती. त्यांतल्या दोघांना मी शाळेत असल्यापासून ओळखत होते, म्हणजे ती आमच्या पेठेची होती, एवढं सांगते.

आता मुलगा नोकरीनं कोलकात्यात आहे. तिथला मोहन बागान-ईस्ट बंगाल बघून आला आणि फोनवर तासभर बोलत होता. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. एक जुन्या रहिवाशांचा, दुसरा पूर्व बंगालातून आलेल्यांचा. एक जिंकला की कोळंबी, दुसरा जिंकला की हिलसा. १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर सव्वा लाखाच्या वर माणूस होतं, भाईचुंग भुतियानं तीन गोल मारले. मामांनी स्पीकरवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येंचं ठीक हाय, फाळणी झाली, घरंदारं सोडून आली माणसं. आपली कुठली फाळणी झालती?" मुलाकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. त्यानंच मग १९८० चं सांगितलं. १६ ऑगस्टला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात १६ प्रेक्षक चेंगराचेंगरीत गेले. ते ऐकल्यावर मामा काही बोलले नाहीत, फक्त भिंतीवरच्या खुंटीकडं बघितलं. तिथं तो टॉवेल असतो.

दोन्ही पेठांना एका बाजूनं ओरडताना मी एकदाच बघितलंय. २०१७ च्या ऑक्टोबरात, १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. दादा आणि त्याची मित्रमंडळी आमच्या घरी टीव्हीसमोर बसली होती, म्हणजे मंगळवार पेठ शिवाजी पेठेत. अमेरिकेनं ३-० नं हरवलं. पण हरल्याचं दुःख अर्ध्या तासात संपलं आणि कोल्हापुरात त्याला कुठल्या संघानं घेतलं असतं यावर भांडण लागलं.

दोन वर्षांपूर्वी मामा मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. एम-एटी अंगणात झाकून ठेवली. मॅच आता मोबाइलवर दिसते, म्हणून मीही जाईनाशी झाले, खाटेशेजारी खुर्ची टाकून बसते. मामांना स्क्रीनवरचा चेंडू दिसत नाही, मी सांगायचं, त्यांनी ऐकायचं. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही. "तुझ्या बाजूनं सांगू नगंस," असं मधेमधे बजावतात.

परवाच्या मॅचला पूर्ण वेळ बरोबरी राहिली. टायब्रेकर सुरू व्हायच्या आत मामांना औषधानं झोप लागली. मी मोबाइलचा आवाज बंद केला, पदराचा बोळा तोंडाशी धरून पाची पेनल्टी बघितल्या, आणि स्वयंपाकाला लागले. रविवार होता. साडेआठला ताट वाढून नेलं, तांबडा रस्सा, वर तर्री. मामा उठून तक्क्याला टेकून बसले होते. त्यांनी ताटाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"ने ते," म्हणाले. "दूधभाकरी आण."