मडला फिजिक्स आणि स्क्रिप्सला म्युझिक, क्रॉस रजिस्ट्रेशनचा माझा अनुभव

अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजला ॲडमिशन झाली तेव्हा घरी पहिला प्रश्न हाच आला की मग गाणं आता बंद का. ठाण्यात लहानपणापासून क्लास, गांधर्वच्या मध्यमा प्रथमपर्यंत परीक्षा दिलेल्या, आणि कॉलेज असं की जिथे डिग्री फक्त सायन्स, मॅथ्स नाहीतर इंजिनिअरिंगचीच मिळते. तर बंद नाही झालं, उलट गाण्याचं क्रेडिटही मिळतंय. ओळखीतले एकदोघं यंदा इकडे अप्लाय करतायत म्हणून नीट लिहून काढतोय.

आधी इथली व्यवस्था सांगतो कारण ती कळल्याशिवाय बाकीचं डोक्यावरून जाईल. क्लेअरमाँट हे लॉस एंजेलिसच्या पूर्वेला छोटं गाव आहे, तिथे पोमोना (१८८७), स्क्रिप्स (१९२६), क्लेअरमाँट मकेना, हार्वी मड (१९५५) आणि पिट्झर अशी पाच कॉलेजं एकमेकांना अगदी चिकटून आहेत. ॲडमिशन वेगळी, डिग्री वेगळी, पण लायब्ररी सगळ्यांची एक आणि एकमेकांच्या क्लासला बसायची सोय (हेच क्रॉस रजिस्ट्रेशन), त्याची वेगळी ट्युशन फी नाही. म्युझिकसाठी तर पोमोना सोडून बाकी चौघांचा जॉइंट म्युझिक प्रोग्रॅमच आहे आणि तो चालतो मुख्यतः स्क्रिप्सला. स्क्रिप्स म्हणजे मुलींचं कॉलेज. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे तुला मुलींच्या कॉलेजात घेतील कसे?" क्लासला घेतात गं बाई, डिग्रीला नाही घेत.

मडला नुसतं फिजिक्स करून सुटका नसते. १२८ युनिटची (म्हणजे क्रेडिटची) डिग्री, त्यात ह्युमॅनिटीज, सोशल सायन्सेस आणि आर्ट्सचे बरेच कोर्स कंपल्सरी, सगळे त्याला एचएसए म्हणतात. त्यातले काही मडच्याच प्रोफेसरांकडे करावे लागतात, बाकीचे शेजारी जाऊन केले तरी चालतात. युनिटचा हिशोब सोपा आहे, स्क्रिप्सचा एक पूर्ण कोर्स म्हणजे मडचे ३ युनिट. ॲडवायझरला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाका की मला म्युझिक घ्यायचंय, म्हणजे बाकीचे कोर्स त्याभोवती बसवता येतात. हे मी मुद्दाम सांगतोय कारण खरी मारामारी टाइमटेबलची आहे, फॉर्मची नाही. मडच्या लॅब दुपारी, म्युझिकचे कितीतरी क्लास पण दुपारीच, आणि फर्स्ट इयरला कोअरच्या (सगळ्यांना कंपल्सरी कोर्सच्या) लॅब हलवता येत नाहीत, त्यामुळे दोन आठवडे नुसती जुळवाजुळव चालली होती, मला हवा तो कोर्स ज्या दिवशी त्या दिवशी केमिस्ट्री लॅब, लॅबचा सेक्शन बदलला तर कोर्सचा दुसरा सेक्शन फुल, असं.

फुल दिसलं तर घाबरायचं नाही, पोर्टलवर पर्म टाकायचं. पर्म म्हणजे प्रोफेसरांकडे परवानगी मागणारी रिक्वेस्ट, त्यात दोन ओळी लिहायला जागा असते. तिथे "आय लव्ह म्युझिक" लिहून काही होत नाही. मी लिहिलं की हिंदुस्तानी गायन शिकलोय, सूर ओळखता येतात, पण स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) अजिबात वाचता येत नाही आणि तेच शिकायचंय. मंजूर झालं. मंजूर झालं म्हणजे तुम्ही क्लासमध्ये आलात असं मात्र नाही हं, परत पोर्टलवर जाऊन कोर्स ॲड करावा लागतो, ॲड करायची शेवटची तारीख गेली की ती परवानगी कागदावरच राहते.

क्लासला मडहून चालत जातो, बाकी मडकर लाँगबोर्ड नाहीतर चक्क युनिसायकलवर फिरतात, आपल्याला ते जमणारं नाही. आणि म्युझिक थिअरीचा हा कोर्स सोपा असेल असं वाटत असेल तर विसरा. आमचा गाण्याचा सा काळी एकवर. प्रोफेसरांना गाऊन दाखवलं, बिलावलचे साधे सात स्वर, म्हणजे त्यांचं मेजर स्केल, आता हेच कागदावर लिही म्हणाले. काळी एक म्हणजे सी शार्प, आणि सी शार्प मेजर लिहायचं तर सातच्या सात स्वरांना शार्प, म्हणजे स्वर अर्धा सूर चढवायची खूण! मग त्यांनी दाखवलं की हीच पट्टी डी फ्लॅट म्हणून लिहिली की पाच फ्लॅटमध्ये (अर्धा सूर उतरवायच्या खुणांमध्ये) भागतं. गाताना मला आयुष्यात कधी असला प्रश्न पडला नव्हता, सा कुठेही धरा, पुढचं सगळं तसंच राहतं.

सगळ्यात मजा आली ती ट्यूनिंगवर बोलणं निघालं तेव्हा, कारण तिथे फिजिक्स कामाला आलं. तानपुरा नीट लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो, तो सा च्या पाचव्या हार्मोनिकमधून (पाचपट कंपनाच्या उपस्वरातून) येतो, म्हणजे सप्तकात आणला की साच्या बरोबर ५/४ पट. पियानोवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, तिथे तोच गंधार १.२६ पटीच्या आसपास जातो. मधला सी २६१.६ हर्ट्झ धरला तर तानपुऱ्याचा गंधार ३२७.० आणि पियानोचा ३२९.६. अडीच हर्ट्झचा फरक, दोन्ही एकदम वाजवले तर बीट्स (आवाजाचे लहानमोठे होणारे हेलकावे) मोजता येतात इतका स्पष्ट. फोनवर तानपुरा ॲप लावून पियानोची पट्टी दाबली आणि अख्खा क्लास कान देऊन ऐकत होता. आपली पेटी पण हल्ली बहुतेक पियानोसारखीच लावलेली असते, म्हणून तर जुने गवई तिच्या नावाने बोटं मोडतात.

मडच्या प्रॉब्लेम सेट रात्रभर जागून, मित्रांबरोबर बसून उरकता येतात. म्युझिकच्या कोर्समधल्या इअर ट्रेनिंगचं (ऐकून सूर ओळखायच्या सरावाचं) तसं नाही, आदल्या रात्री चार तास बसून कान तयार होत नाही, रोज पंधरा-वीस मिनिटं बसावंच लागतं, आणि मिडटर्मच्या आठवड्यात पहिला बळी त्याचाच जातो. म्हणून माझं मत असं की पहिल्याच सेमिस्टरला घ्या, मडला तेव्हा नेहमीसारखे ग्रेड नसतात, नवीन गोष्ट करून बघायला तेवढी मोकळीक परत मिळत नाही. इन्स्ट्रुमेंटचे किंवा गायनाचे वन ऑन वन लेसन हवे असतील तर त्याची फी वेगळी, ते आधी विचारून घ्या.

मी पुढच्या सेमिस्टरला थिअरीचा पुढचा कोर्स टाकलाय. इलेक्ट्रॉनिक्सची लॅब परत त्याच वेळेला आलीय आणि पर्म अजून पेंडिंग दाखवतंय, सोमवारी ऑफिस अवर्सला जाऊन प्रोफेसरांना प्रत्यक्ष भेटून येतो.