सांगलीच्या दोन फेऱ्या, एका अल्टरनेटरसाठी

"मारुतीची वॅगन आर आणि एस्टिलो, आतून एकच गाडी हो." तोडलेल्या गाड्यांच्या वाड्यात मालकानं असं सांगितलं आणि मी मान डोलावली. ते एक वाक्य मला २२०० रुपयांना आणि साताऱ्याहून सांगलीच्या आणखी एका फेरीला पडलं.

माझी वॅगन आर २००८ ची. अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग, गेला होता. वाड्याच्या मालकानं चंदेरी एस्टिलोमधून एक काढून दिला, ३५०० पासून सुरू करून २२०० वर आला. एमएच ११ ची प्लेट बघूनच आकडा फुगवला असणार. गाडी लांब लावा, भाव चालत जाऊन विचारा.

साताऱ्यात फिटरनं तो इंजिनाला नुसता लावून बघितला आणि हसला. एक भोक जुळलं, दुसरं बोटभर बाजूला. एस्टिलोला २००९ मध्ये के१०बी इंजिन आलं, वॅगन आरला २०१० मध्ये. माझ्या गाडीत त्याआधीचं एफ१०डी, १०६१ सीसी, चार सिलिंडर. के१०बी ९९८ सीसी, तीनच सिलिंडर, आणि ती चंदेरी एस्टिलो के१०बीचीच. बॉनेट उघडून मोजले असते तरी कळलं असतं! गाडी एकच म्हटली म्हणून काही जुळत नाही, इंजिन एक असावं लागतं. आपल्या इंजिनाचा नंबर आरसीवर असतो. वाड्यातल्या गाडीच्या इंजिनावरचा नंबर चिंधीनं पुसून वाचा, सुरुवातीची अक्षरं तीच हवीत.

"विकलेला माल परत नाही," हे फोनवर कळलं. तिथं पुन्हा पाय ठेवणार नाही.

दुसऱ्या वेळी जुना अल्टरनेटर पोत्यात घालून नेला. पेठ नाक्यापासून पुढं गचके खात तो डिकीत गडगडत होता, माझं डोकं त्याहून जास्त. मिरजेकडच्या वाड्यात १.१ लिटरची, म्हणजे माझ्याच एफ१०डी इंजिनाची जुनी एस्टिलो मिळाली. दोन्ही शेजारी ठेवून भोकांमधलं अंतर, पुलीच्या खाचा आणि सॉकेटच्या पिना ताडून बघितल्या. पुली हातानं फिरवली, खरखर नाही. १८०० दिले, आणि बसला नाही तर आठ दिवसांत बदलून देईन असं पावतीवर लिहून घेतलं. तोंडी शब्दाला काही अर्थ नाही. मालकाला राग आला, येऊ दे. त्याच वाड्यात डाव्या बाजूचा आरसा दहा मिनिटांत ३०० ला मिळाला. भडंगही घेतलं.

मल्टिमीटर सोबत ठेवा. बसवल्यावर इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. माझ्याकडं १४.१ आले आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, फिटरला त्यातलंच भडंग दिलं.

पहिला अल्टरनेटर अजून पडून आहे. साताऱ्यात कुणाची के१०बी असेल तर १००० ला देतो, पण आधी आपला इंजिन नंबर सांगा.