काटा खालीच होता

फेब्रुवारी २०१६. स्ट्रॉबेरीचा ऐन हंगाम. सकाळी दहाच्या सुमाराला भिलारच्या एका बागायतदाराचा फोन आला. वाईत माल उतरवून रिकामे क्रेट घेऊन ते वर निघाले होते.

"मिस्त्री, पसरणी घाटात गाडी बसली. आधी खडखड वाजली, मग ओढायचीच थांबली. आता सेल्फ मारला की नुसतं टक् करतंय."

"वाफ निघतीय?"

"वाफ न्हाई. पण बॉनेटला हात लावू देत न्हाई."

वाफ नाही म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. वाफ यायला आत पाणी तरी असावं लागतं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बाटली घ्या, ओता पाणी!" मी फोनवरच ओरडलो, "दादा, थेंबभर पाणी ओतू नका. सेल्फ परत मारू नका. बॉनेट उघडा आणि सावलीत जाऊन बसा."

या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भाग, बिडाचा आणि हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. असं तापलेलं असताना गार पाणी पडलं तर हेडला तडा जायला क्षणही लागत नाही. मग वाचवण्यासारखं काही उरत नाही. दादांनी ऐकलं. पुढचं सगळं त्या ऐकण्यामुळे जमलं, असं मी आजही मानतो.

गाडी म्हणजे २००३ ची मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ अश्वशक्ती. आत इंजिन ऑइल जेमतेम तीन लिटर. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली. पण हेच इंजिन ओम्नीतही असल्यामुळे स्पेअरची अडचण कधी आली नाही. मी या इंजिनावरच हात बसवला. इतकं साधं आणि इतकं सोशिक इंजिन मला दुसरं भेटलेलं नाही. दोन पाने आणि एक जॅक असला की निम्मी कामं रस्त्याकडेला होतात. दादांची गाडी वर्षानुवर्षं क्रेट भरून घाट चढत-उतरत होती आणि मीटर तेव्हा ९६ हजारांवर होता. या इंजिनाला हे काही वय नव्हे.

टेम्पोमागे दोर बांधून गाडी दुपारी गॅरेजवर आली. येणारा-जाणारा प्रत्येक जण बॉनेटमध्ये वाकून सांगून जायचा, "इंजिन जाम झालं, भंगारात द्या." दादा काही बोलत नव्हते. एकदाच म्हणाले, "मिस्त्री, काटा तर खालीच व्हता की. मी बघत व्हतो. सगळा येळ खालीच व्हता."

ते खोटं बोलत नव्हते. टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरा आकडा सांगतो. पाणीच निघून गेलं की तो कोरडा पडतो, आणि इंजिन आत भाजत असताना काटा निवांत खाली राहू शकतो. हे ज्याला माहीत नाही तो माणूस काट्याकडे बघत बघतच इंजिन घालवतो.

इंजिन पुरतं निवेपर्यंत मी कशालाच हात लावला नाही. संध्याकाळी तिन्ही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं थोडं ऑइल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज झाडायच्या आधी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावला. दाबला. दगडासारखं घट्ट. उलट बाजूला हलकेच रेटलं, पुन्हा सुलट. जोर लावायचा नाही, नुसतं विचारत राहायचं. बराच वेळ असं चाललं होतं. मग पान्याच्या दांड्यातून तळहाताला अगदी बारीक काहीतरी जाणवलं, खिळ्याच्या टोकाएवढी हालचाल. मी थांबलो, आणखी ऑइल सोडलं. परत पाना. या वेळी बोटभर फिरलं. मग पाव फेरा. मग पिस्टनवरचं ऑइल प्लगच्या भोकातून बुडबुडत वर आलं आणि क्रँक एक अख्खा फेरा फिरली. इतक्या वर्षांत हजारदा इंजिनं चालू केली असतील, पण हाताखाली इंजिन असं जागं होताना त्या सकाळी माझे डोळे भरून आले.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, बघितलं. पहिला सिलिंडर साडेअकरा किलो. दुसरा चार, तिसराही चार. शेजारशेजारचे दोन सारखेच पडले म्हणजे हेड गॅस्केट, हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, त्या दोघांच्या मधे जळलं. हेड उतरवलं तर तसंच निघालं. दोन आणि तीन यांच्या मधली पट्टी काळी पडून खाल्ली गेली होती. हेडवर सरळपट्टी आडवी धरून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पात, घातलं. पाच शतांश मिलिमीटरपर्यंत चालतं, इथे मधोमध पंधरा शतांशाची पात सरकली. हेड वाकलं होतं, पण तडा कुठेच नव्हता. तिसऱ्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, पिस्टन घासल्याच्या दोन उभ्या रेघा दिसल्या. त्यावरून नख ओढलं. अडकलं नाही. ऑइल धरून ठेवायला भिंतीवर मुद्दाम काढलेल्या होनिंगच्या तिरप्या रेषाही पुसट का होईना दिसत होत्या. बोअर वाचला होता.

आता पाणी गेलं कुठून, हा प्रश्न. रेडिएटर कोरडा, पण होस पाइप शाबूत. शेवटी ब्लॉकच्या मागच्या बाजूला, सहज नजर जात नाही अशा कोपऱ्यातला एक कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या जागेचं भोक बंद करणारं पत्र्याचं झाकण, सापडला. नाण्याएवढ्या पत्र्याला गंज लागून बारीक छिद्रं पडली होती आणि खाली ब्लॉकवर तांबूस ओघळ होता. पेचकसाचं टोक टेकवलं तर पापडासारखा आत गेला. आतून हाताला लालसर चिखल लागला. गाडीत कूलंट नव्हतं. विहिरीचं पाणी होतं, तेही वर्षानुवर्षं.

आणि थर्मोस्टॅटच्या जागी थर्मोस्टॅट नव्हता.

दादांना विचारलं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गाडी तापायला लागली होती, तेव्हा एका गॅरेजवाल्यानं तो काढून फेकला आणि रेडिएटरचा फॅन डायरेक्ट केला. चावी फिरवली की फॅन चालू. "तवापासनं काटा वर म्हणून गेला न्हाई," दादा म्हणाले. रेडिएटर खारानं भरत आला होता म्हणून गाडी तापत होती. तो साफ करायचा सोडून ही पळवाट काढली गेली. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि मला त्याची मनापासून चीड येते. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडतो. तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या उष्णतेवर येतं. तो नसला की इंजिन कायम गारठलेलं राहतं. एमपीएफआय गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तो समजतो की इंजिन अजून थंडच आहे, आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. त्या दिवशी ऑइल काढलं तर ते पाण्यासारखं पातळ होतं आणि नाकाशी धरल्यावर पेट्रोलचा वास येत होता.

इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी. सहा महिने आधी, ऑगस्टमध्ये, दादा माझ्याकडे आले होते. "ॲव्हरेज उतरलंय, अठरा द्यायची ती तेरावर आली," म्हणाले होते. मी प्लग काढले होते, तिन्ही काजळीनं काळेकुट्ट. ब्रशनं घासले, गॅप लावली, एअर फिल्टर बदलला आणि गाडी दिली. काटा खाली आहे हे मला दिसलं होतं. पाऊस होता, गारठा होता, मी विचारलं नाही. उत्तर काजळी होऊन माझ्या बोटांना लागलेलं होतं आणि मी ते फडक्याला पुसून टाकलं. त्या दिवशी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं असतं तर तो कोअर प्लगही तेव्हाच दिसला असता. मी हे दादांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आता नीट करा म्हंजे झालं."

हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, साताऱ्याला पाठवलं. तोवर इकडे सगळे कोअर प्लग नवे ठोकले, ब्लॉक धुऊन काढला, रेडिएटर खोलून साफ करून घेतला. फॅनची वायर पुन्हा इंजिन तापल्यावरच फॅन लावणाऱ्या स्विचवर आणली. टायमिंग बेल्ट हाताशी आलाच होता, तोही बदलला. हेड आल्यावर नवं गॅस्केट, बोल्ट मधून बाहेर असे तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानं आवळले. टॅपेट लावले.

नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी दादांना शेजारच्या चहाच्या टपरीवर नेलं. पातेल्यात पाणी ठेवून त्यात तो दोऱ्यानं टांगला. पाण्याला उकळी यायच्या थोडं आधी मधली चकती हळूहळू वर उचलली गेली. बाहेर काढून धरला, तर दोन मिनिटांत परत मिटला. दादा टक लावून बघत होते. "एवढंसं हे," म्हणाले, "आणि त्यानं फेकून दिलं?"

डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्म्यास निम्मं कूलंट मिसळून भरलं, हवा काढली. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. गरम करून कॉम्प्रेशन पाहिलं, बारा, बारा आणि साडेअकरा.

ट्रायलला दादांना घेऊन घाटात गेलो. गाडी ते चालवत होते. पसरणी सोडून तिसरं वळण घेतलं आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

"मिस्त्री, काटा वर आला!"

"येऊ द्या."

काटा मध्याच्या जरा अलीकडे आला आणि तिथेच थांबला. पाचगणीच्या नाक्यापर्यंत दादांची नजर रस्त्यावर कमी आणि त्या काट्यावर जास्त होती. मी शेवटी म्हणालो, "दादा, पुढं बघून चालवा, मी बघतो काट्याकडं."