हिरव्यात निघालो, तरी चौकातच लाल का होतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सिग्नल हिरवा असताना सायकल पुढे काढली तरी मोठ्या चौकाच्या मधोमध असतानाच आडवी वाहतूक सुटते. बहुतेक वेळा यात चूक तुमची नसते, कारण पिवळ्याचा हिशेब मोटारीच्या वेगाने केलेला असतो.

ताशी 50 किलोमीटरने जाणारी मोटार 30 मीटरचा चौक सव्वादोन सेकंदांत ओलांडते. 3 सेकंदांचा पिवळा आणि त्यानंतरचा सगळीकडून लाल असलेला सेकंदभर तिला पुरून उरतो. ताशी 18 किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला तोच चौक ओलांडायला 6 सेकंद लागतात. हिरव्याच्या शेवटच्या क्षणी आत शिरलात, तर 4 सेकंदांत 20 मीटरच होतात. उरलेले 10 मीटर आडव्या वाहतुकीपुढून जायचे.

रुंदीचा अंदाज लेन मोजून येतो: एक लेन साधारण 3 ते साडेतीन मीटर, अधिक दुभाजक. मोजायचं मात्र स्टॉप लाइनपासून, झेब्राच्या पुढून नव्हे. हे मधले काही मीटर हमखास विसरले जातात.

खरा निर्णय रेषेच्या 10 मीटर अलीकडे होतो, कारण या वेगाला थांबायलाच तेवढं अंतर लागतं. तिथून पलीकडची कड 40 मीटर, म्हणजे 8 सेकंद. उलटमोजणीचा आकडा असेल आणि तो 8 पेक्षा कमी असेल, तर सरळ ब्रेक. पिवळा हिशेबात धरू नका, तो चुकीसाठी राखून ठेवा. आकडा नसेल, तर हिरवा तुमच्या डोळ्यांदेखत लागला का, एवढं पाहा. लांबूनच हिरवा दिसत असेल तर तो शिळा समजा, बोटं ब्रेकवर ठेवा, मागे नजर टाका आणि वेग उतरवा. पिवळा दिसल्यावर जोर मारणं मोटारीला कधी जमतं, सायकलला जवळजवळ कधीच नाही.

थांबून निघताना हिशेब वेगळा. अभियंते सुरुवातीलाच 6 सेकंद धरतात आणि पुढचं अंतर सेकंदाला साडेचार मीटरने मोजतात. 30 मीटरला 13 सेकंद होतात. म्हणून थांबण्याआधीच गिअर हलका करा. डीरेलरचे, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर पॅडल फिरत असतानाच बदलतात, हे लक्षात येईपर्यंत सिग्नल सुटलेला असतो. निघण्यापूर्वी एक पॅडल वर आणि थोडं पुढे आणून ठेवा, पहिल्याच दाबाला सायकल सरळ चालते. ओल्या झेब्रा पट्ट्यांवर मात्र जोर देऊ नका, चाक सरकतं.

काही सिग्नल गाडी आल्याचं कळल्यावरच सुटतात. रस्त्यात पुरलेलं तारेचं वेटोळं वजन नाही, धातू ओळखतं. डांबरात कापलेल्या चौकोनाच्या मध्ये उभे राहिलात तर सायकल बरेचदा कळतच नाही. दोन्ही चाकं त्याच्या कडेच्या रेषेवर ठेवा.

आणि अडकलातच, तर? दुभाजकापाशी सुरक्षित जागा असेल तर तिथे थांबा. नसेल तर मागे वळू नका, सरळ रेषेत जात राहा. थांबलेल्या मोटारींना हलायला सेकंद-दोन सेकंद लागतात. धोका लांबून हिरवा पाहून वेग कमी न करताच धावत येणाऱ्या मोटारीचा असतो, विशेषतः थांबलेल्या ट्रकच्या पलीकडच्या लेनमध्ये. ट्रकवाला तुम्हाला पाहून थांबतो, पण त्याच्या आडोशाला तुम्ही तिला दिसत नाही, ती तुम्हाला दिसत नाही. ट्रकचं नाक ओलांडण्याआधी वेग कमी करा आणि मान पुढे काढून बघा.