खूण

दगडू हरवल्याला आज पाचवी रात्र.

काकूंनी कुंपणापलीकडून सहज विचारले, "त्याच्या पाठीवर काही खूण आहे का गं? म्हणजे दिसला तर ओळखता येईल." मला उत्तर देता आले नाही. आसपास कोणाकडेच दुसरे कासव नाही, त्यामुळे दिसेल तो दगडूच, असे काहीतरी मी म्हणाले आणि त्या "बरं बरं" म्हणून आत गेल्या. प्रश्न तेवढ्यावर मिटायला हवा होता, पण दिवसभर तो माझ्याबरोबर बागेत फिरत राहिला. ११ वर्षे ज्याला रोज सकाळी पाने घातली, त्याची पाठ मला डोळे मिटून आठवता येत नाही. पिवळसर तपकिरी रंग, मध्येमध्ये काळपट डाग, एवढेच मी सांगू शकते, आणि हे वर्णन त्याच्या जातीतल्या कोणत्याही कासवाला लागू पडेल.

शोधण्यात मी कसूर केलेली नाही. पहिल्या दिवशी तेवढी वेड्यासारखी हाका मारत फिरले. कासवाला बाहेरून दिसणारे कान नसतात. त्याला खालच्या पट्टीतले आवाज आणि जमिनीची थरथर कळते, पण नाव घेतले म्हणून ते येत नाही, हे मला ठाऊक होते, तरीही मी हाका मारल्या. दुसऱ्या दिवसापासून रीतसर शोध सुरू केला. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, म्हणून सर्वांत आधी हौदाचा तळ पाहिला, आणि तो रिकामा दिसेपर्यंत श्वास धरून ठेवला होता. वाटेत अडथळा आला की ते त्याच्या कडेकडेने चालत राहते, म्हणून सगळे कुंपण गुडघ्यांवर रांगत तपासले. झुडपांखालच्या पाचोळ्यात कोपरापर्यंत हात घातले. ऊन तापले की ते सावलीला दडते आणि अंधार पडल्यावर जागचे हलत नाही, म्हणजे शोधायला खरी वेळ सकाळची आणि कलत्या उन्हाची; तरी काल मध्यरात्री मी विजेरी घेऊन बाहेर गेलेच. हनुवटी जवळजवळ मातीला टेकवून पाहिले, तर ओळखीची बाग उरलीच नाही. गवताच्या भिंती, कुंडीच्या तळाखाली एक काळी खोबण, आणि जिकडे पाहावे तिकडे दगड. त्यातला प्रत्येक दगड क्षणभर दगडू वाटला. कासव आणि दगड यांत मला फरक करता येईना, तेव्हा पुन्हा तो प्रश्न आठवला.

मग फोनमधली सगळी छायाचित्रे काढून पाहिली. लाल फूल चावणारे त्याचे तोंड आहे, पाण्याच्या थाळीत ठेवलेले पुढचे पाय आहेत, तिचा हात तर कितीतरी ठिकाणी आहे. पाठीचे वरून घेतलेले एकही चित्र नाही.

संतवाङ्मयात कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीने वाढवते. प्रत्यक्षातली कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते आणि पिलू पहिल्या दिवसापासून एकटेच असते. लहानपणी ऐकलेला तो दृष्टान्त मला फार प्रिय आहे, आणि आपले दगडूवर तसेच काहीतरी प्रेम आहे अशी माझी समजूत होती. मी त्याला खाऊ घातले, पाणी बदलले, थंडीत त्याची पेटी उबेला ठेवली. पाहिले मात्र नाही. संध्याकाळी पायरीवर बसले असताना स्वतःचीच फार कीव आली. या घरातून जो तो न सांगताच जातो, असे वाटले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. तिला अजून कळवलेले नाही.

थोड्या वेळापूर्वी त्याच्या जातीविषयी पुन्हा वाचले, तेव्हा मन जरा थाऱ्यावर आले. ही मध्य आशियाच्या कोरड्या माळरानांवरची कासवे. तिथे हिवाळा कडक आणि उन्हाळा रखरखीत, म्हणून वर्षातला बहुतेक काळ ती जमिनीखाली बिळात काढतात. पुढच्या पायांना चार-चार दणकट नखे असतात, ती त्यासाठीच. सप्टेंबर १९६८ मध्ये याच जातीची दोन कासवे सोव्हिएत 'झोंड ५' यानातून चंद्राला वळसा घालून जिवंत परतली. यान हिंदी महासागरात उतरले; कासवांचे वजन सुमारे १० टक्के घटले होते, पण भूक शाबूत होती. त्या मानाने पाच दिवस उपाशी राहणे दगडूला जड जाणार नाही. तो मातीखाली असेल तर सुखात असेल, आणि कासावीस एकटी मी आहे, हे आज रात्री मला मान्य करता येते. तरीही त्याची पाठ आठवत नाही ती नाहीच.

सहावा दिवस, दुपार.

सापडला. बागेत पहिले ऊन जिथे पडते, त्या भिंतीच्या कोपऱ्यात भुसभुशीत मातीचा लहानसा ढीग दिसला. तिथून मी निदान चार वेळा तरी गेले असेन. ढिगामागच्या बिळात कवचाची मागची कड तेवढी दिसत होती. ओढून काढायचा मोह झाला, पण ओढले की ते पाय मातीत रोवून धरते आणि दुखावते, म्हणून शेजारी बसून राहिले. ऊन बिळाच्या तोंडाशी पोहोचले तसा तो मागे सरकत, अतिशय सावकाश बाहेर आला, चारही पाय पसरून पडला, आणि मी त्याच्याकडे पाहिले.

पाठीवर १३ मोठे खवले आहेत: मध्ये ५, दोन्ही बाजूंना ४-४. डावीकडच्या तिसऱ्या खवल्यावर एक तिरपा ओरखडा आहे, माझ्या करंगळीच्या पेराएवढा लांब. कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, म्हणजे तो अनेक वर्षांपूर्वीचा असला पाहिजे. कासवाच्या कवचाला स्पर्श कळतो. तो ओरखडा पडला तेव्हा दगडूला कळले असणार.

काकूंना खूण सांगून आले. त्यांनी साहजिकच विचारले, "कशाने झालं ते?"

रात्री तिला फोन करीन. तो हरवला होता हे नंतर सांगेन. आधी ओरखड्याचे विचारीन.