आमची वाटचाल : जांभळ्या छताचा हॉल

डोंबिवलीतील आमच्या स्टुडिओची पहिली दहा वर्षे पासपोर्ट फोटो आणि लग्नांच्या ऑर्डरींत गेली. त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते २००९ मधील एका पहिल्या वाढदिवसाविषयी, कारण त्यापायी दुकान बंद करण्याची वेळ आली होती.

हॉलचे छत जांभळे होते आणि केकचे टेबल फ्लेक्सला अगदी चिकटून मांडले होते. मी सवयीने निकॉन डी-८० कॅमेऱ्यावरचा फ्लॅश छताकडे वळवला, म्हणजे उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. खाली आलेला उजेड जांभळाच होता, बाळाच्या डोळ्यांखाली खळगे दिसू लागले, आणि घाबरून फ्लॅश सरळ समोर केला तेव्हा आजीची काळीकुट्ट सावली फ्लेक्सवर छापलेल्या बाळाच्याच चेहऱ्यावर पडली. यजमानांनी उरलेले पैसे दिले नाहीत, हे मी समजू शकतो. मात्र पलीकडच्या गल्लीतील स्टुडिओवाल्याने त्यातील चार प्रिंट मिळवून आपल्या काउंटरवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवावेत, हे आजही पचनी पडलेले नाही. ठरलेल्या ऑर्डरीही एकेक करून त्याच्याकडे वळल्या.

टिकून राहिल्या त्या एकट्या शाळेतील बाई. नातवाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्यांनी तोच हॉल उघडून घेतला आणि नातवाच्या जागी खुर्चीत लाल भोपळा ठेवून मला दोन तास प्रयोग करू दिले. टेबल भिंतीपासून सहा फूट पुढे ओढताच सावली फ्लेक्सवरून उतरून जमिनीवर गेली. छताऐवजी भाच्याने बाजूला धरलेल्या पांढऱ्या थर्माकोलवर फ्लॅश मारल्यावर भोपळ्याच्या खाचांतील काळोख निवळला. थर्माकोल मात्र जवळ हवा, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ८०० आणि शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवल्याने मागचा अंधार उजळला, तर फ्लॅशवर नारिंगी जिलेटीनचा पारदर्शक कागद लावल्याने त्याच्या उजेडाचा रंग हॉलच्या पिवळ्या दिव्यांशी जुळला.

कोणी विचारलेले नाही, तरी नव्या मुलांना सांगतो की टेबल पुढे ओढण्यासाठी डेकोरेटरची परवानगी मागत बसू नये, कारण तो नाहीच म्हणतो. हल्लीच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे उमटू लागले, तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणून पाहावे; पोरे धावत असली तरी फ्लॅश त्यांना फोटोत बऱ्यापैकी थोपवतो.

बाईंच्या नातवाचे पुढचे सगळे वाढदिवस आम्हीच टिपले. भाचा आता भागीदार आहे आणि थर्माकोल अजूनही स्कूटरवर पायांपाशी उभा करूनच आणतो. पलीकडच्या गल्लीतील त्या गाळ्यात सध्या मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे.