शिकागोतली संक्रांत

आमच्या मंडळाची संक्रांत संक्रांतीच्या दिवशी क्वचितच व्हायची. जवळचा शनिवार, शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल आणि बाहेर गुडघाभर बर्फ, हे ठरलेलं. काळ्या साड्यांखाली स्नो बूट, पदर कोटात कोंबलेला, चपला पिशवीत. दाराशी बूट उतरले की सगळ्या जणी एकदम सणाच्या दिसायला लागायच्या.

1965 च्या कायद्याने अमेरिकेने आशियाई लोकांसाठी दार मोकळं केलं आणि आम्ही डॉक्टर-इंजिनीयरांची बिऱ्हाडं इथे पोचलो. सुरुवातीला गूळ कुठला? ब्राउन शुगरवर भागवायचं. 1974 साली डेव्हन अॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं दुकान निघालं, गुळाची ददात मिटली आणि गुळाच्या पोळीत बेसन घालावं की नाही यावर भांडणं सुरू झाली. नागपूरच्या, कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या बायका एकाच ओट्याशी! देशात आमची ओळख जातीची नाहीतर जिल्ह्याची होती. खऱ्या अर्थाने मराठी झालो ते त्या हॉलमध्ये.

वाणाला आधी कुंकवाच्या डब्या, मग मेजरिंग कप. एका वर्षी कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची खरवडणी लुटली. ‘हे कसलं मेलं वाण!’ म्हणून नाकं मुरडणाऱ्याच पार्किंगमध्ये सगळ्यांत आधी ती काढून कामाला लागल्या.

हळदीकुंकवाचं मात्र इतकं सोपं नव्हतं. शेजारच्या अमेरिकन बायकांना आम्ही काहीएक न विचारता कुंकू लावायचो, आणि मुलाकडे आलेल्या एक काकू, नवरा गेलेल्या, कोपऱ्यात कोट सांभाळत बसलेल्या. “त्यांना चालतं, मग काकूंना का नाही?” म्हणत आमच्यातली एक करंडा घेऊन सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली. काकूंनी कुंकू नको म्हटलं, हळद लावून घेतली. पुढच्या वर्षीपासून करंडा सगळ्यांपुढे फिरायला लागला. हे आम्ही आमच्या गावी केलं असतं का, शंकाच आहे.

आता कमिटी मुलींच्या हातात आहे. ऊस मेक्सिकन दुकानातून येतो. बोरन्हाणाला बोरं मिळत नाहीत. मध्यंतरी त्यावर ईमेलचा पाऊस पडला: द्राक्षं पोरांच्या घशात अडकतात, ब्लूबेरीचे डाग निघत नाहीत. शेवटी चुरमुऱ्यांत चीरिओज, म्हणजे नाश्त्याला दुधात घालून खायच्या ओट्सच्या बारीक कड्या, मिसळायचं ठरलं. मला ते अजून पटलेलं नाही, पण हॉल झाडायला सोपा गेला.